बायांचे सांधे का धरतात

गावात कुणाचे काही दुखू लागले की आपण म्हणतो, "वात आला." गुडघा दुखला, वात. कंबर धरली, वात. बोटे सुजली, तरी वातच. हा एक शब्द आपण वाकळेसारखा वापरतो. जे दुखेल त्याच्यावर पांघरतो आणि मोकळे होतो. पण दुखणी वेगवेगळी असतात. त्यांची कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. या धड्यात आपण त्यातले एकच दुखणे पाहणार आहोत. त्याचे नाव आमवात. हे दुखणे पुरुषांनाही होते. पण जिथे एका पुरुषाला होते तिथे दोन-तीन बायांना होते. असे का, ते आपण समजून घेऊ. धडा थोडा लांब आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकींत वाचावा. बायांचा धडा म्हणून घरातल्या बाप्यांनी पान उलटू नये. त्यांच्यासाठीही तो आहे.

आधी दुखण्याची ओळख करून घेऊ.

ओसरीवर बसलेली म्हातारी म्हणते, "गुडघे झिजले गं माझे." ती खरे बोलते. वय झाले, जन्मभर डोक्यावर घागरी वाहिल्या, वाकून खुरपले. सांध्यात दोन हाडांच्या मध्ये मऊ गादी असते, ती झिजली. असा गुडघा चालले की दुखतो आणि बसले की बरा वाटतो. हे झिजेचे दुखणे. ते म्हातारपणाच्या अंगाने येते.

आमवाताची चाल निराळी आहे. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. तिशीत येतो, चाळिशीत येतो, पन्नाशीच्या आसपास तर फार येतो. बहुतेक वेळा तो आधी बोटांच्या मुळाशी आणि मनगटात दिसतो. पायाच्या बोटांच्या मुळाशीही दिसतो. एका हाताला झाला की पुष्कळदा दुसऱ्याही हाताला त्याच जागी होतो. सांधा सुजतो, हाताला गरम लागतो. सकाळी उठावे तर मूठ वळत नाही. पीठ मळता येत नाही, भाकरी थापता येत नाही, बांगडी चढत नाही. तास-दीड तास जातो, ऊन वर येते, तेव्हा कुठे हात सुटतात. झिजेच्या दुखण्यातही सकाळी अंग आखडते, पण ते अर्ध्या तासाच्या आत मोकळे होते. आमवातात हात तासन्‌तास धरलेले राहतात. शिवाय अंगात बारीक कसर असते, थकवा असतो, भूक मंदावते.

अशा वेळी घरात काय होते? सून म्हणते, "आत्याबाई, हात वळंना गेलेत." सासू म्हणते, "अगं, थंडीचं होतंय तसं. तेल लावून शेक घे." सासू मायेनेच सांगते. तेलाने आणि शेकाने घडीभर बरे वाटते, त्यात वावगे काही नाही. पण सूज सहा आठवडे उतरली नाही तर ते थंडीचे दुखणे नव्हे. तेव्हा डॉक्टरकडे जायला हवे. डॉक्टर आधी विचारतात, मागे ताप येऊन गेला का? कारण चिकुनगुन्याच्या तापानंतरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात. २००६ साली आपल्याकडे ती साथ आली होती, तेव्हा पुष्कळांनी ते सोसले आहे.

हे दुखणे किती जणांना असते? ते मोजलेले आहे, आणि आपल्यासारख्याच एका गावात मोजलेले आहे. धाराशिवहून पुण्याला जाणारी एसटी इंदापूर ओलांडून पुढे गेली की भिगवण लागते. उजनीच्या पाण्याकाठचे गाव. तिथली मासळी प्रसिद्ध आहे. १९९६ साली पुण्याचे सांध्यांचे डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांचे सोबती या गावात गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमातले हे काम होते. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती माणसे दारोदार फिरली आणि चार हजारांहून अधिक मोठ्या माणसांना विचारले, "तुमचं काय दुखतं? कुठं दुखतं? किती दिवस?" ज्यांचे दुखत होते त्यांना डॉक्टरांनी तपासले. शंभरात अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले. त्यातले बहुतेक झिजेचे, कष्टाचे. आमवात मात्र हजारात पाचांना निघाला.

आता एक हिशेब करा. तुमच्या गावात दोन हजार मोठी माणसे असतील तर त्यात आमवाताची किती? दहा. त्या दहांत बाया सात-आठ. म्हणजे दर गावात, दर वाडीवर हे दुखणे आहे. फक्त त्याला कुणी नाव दिलेले नाही. "तिचे हात वाकडे झाले," एवढेच लोक सांगतात.

हात वाकडे का होतात? आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचा अगदी बारीक कण, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. बाहेरून रोगाचे जंतू आले की या राखणदार पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. म्हणून जखम भरते, ताप उतरतो. आमवातात ही राखण बिथरते. आपले कोण आणि परके कोण हे तिला कळेनासे होते. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते. त्यातून तेलासारखे वंगण पाझरते आणि सांधा सहज फिरतो. बिथरलेली राखण त्या अस्तरावरच हल्ला करते. अस्तर सुजते, फुगते आणि हळूहळू हाड कुरतडू लागते. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ना, तसेच हे. औषध न करता वर्षे गेली तर सांधा वाकडा होतो, आणि वाकडा झालेला सांधा मग औषधाने सरळ होत नाही.

राखण बिथरते कशाने? एकाच कारणाने नव्हे. काही घराण्यांत हा रोग जास्त असतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका वाढतो, हे पक्के दिसलेले आहे. आणि तिसरी गोष्ट बाईच्या शरीरातली. तिच्याकडे आता वळू.

आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. ग्रंथी म्हणजे रस तयार करणारी लहानशी गाठ. ती काही रोगाची गाठ नव्हे. ती जन्मापासून असते आणि असावीच लागते. ग्रंथीचा रस थेट रक्तात मिसळतो. विहिरीवर मोटर सुरू केली की पाणी पाटाने दूरच्या सरीपर्यंत जाते. तसा हा रस रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत जातो आणि त्याला हुकूम देतो. वाढ, थांब, जागा हो, नीज. या रसाला डॉक्टर हार्मोन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात संप्रेरक असा शब्द आहे. आम्हाला तो मुलांकडून पाठ करून घ्यावा लागे आणि मुले तो परीक्षेनंतर विसरत. आपण हार्मोनच म्हणू.

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. त्याला आपण पिशवी म्हणतो. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या दोन ग्रंथी असतात. त्यांना अंडाशय म्हणतात. हे दोन शब्द नीट ध्यानात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतील. गर्भाशय म्हणजे जिथे मूल वाढते ती पिशवी. अंडाशय म्हणजे तिच्या शेजारच्या दोन ग्रंथी. बाईचे हार्मोन मुख्यतः अंडाशयात तयार होते. त्यातल्या मोठ्या हार्मोनचे नाव इस्ट्रोजेन. मुलगी शहाणी होते, पाळी येते, दिवस राहतात, या साऱ्याच्या मागे त्याचा आणि त्याच्या सोबतच्या हार्मोनचा हुकूम असतो. पुढे पंचेचाळीस ते पन्नाशीच्या सुमारास अंडाशय थकतात, इस्ट्रोजेन ओसरते आणि पाळी जाते.

आता खुबी अशी, की हे इस्ट्रोजेन नुसते पाळीपुरते काम करत नाही. ते हाडांना बळ देते. आणि राखण करणाऱ्या पेशींवरही त्याचा हुकूम चालतो. तोही सदा एकसारखा नाही. थोडे असले की ते राखणीला डिवचते, पुष्कळ असले की शांत करते, असे शास्त्रज्ञांना दिसले आहे. म्हणून बाईच्या जन्मात जिथे जिथे हार्मोनची मोठी भरती-ओहोटी होते तिथे तिथे आमवातही आपला रंग बदलतो. पुरुषाच्या शरीरात अशी भरती-ओहोटी नसते.

पहिली भरती गर्भारपणाची. ज्या बाईला आधीच आमवात आहे तिला दिवस गेले की पुष्कळदा चमत्कार वाटावा असे होते. सूज उतरते, हात मोकळे होतात. निम्म्याहून अधिक जणींना असा आराम पडतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. पोटातले मूल अर्धे बापाचे असते. आईच्या राखणदार पेशींना ते परके वाटायला हवे. तसे वाटून त्या तुटून पडल्या तर मूल वाढणारच नाही. म्हणून त्या नऊ महिन्यांत आईचे शरीर आपली राखण जरा सौम्य करते. हार्मोन तेव्हा पुराच्या पाण्यासारखे वाढलेले असते. त्याच सौम्यपणाचा फायदा सांध्यांना मिळतो.

मग बाळंतपण होते आणि पूर ओसरतो. राखण पुन्हा जागी होते. बाळ दीड-दोन-तीन महिन्यांचे होते न होते तोच सांधे पुन्हा धरतात. काही जणींना तर आमवात पहिल्यांदाच त्या दिवसांत होतो. आपल्या गावांत हे शेकडो वर्षे लोकांनी पाहिलेले आहे. म्हणून तर म्हणतात, "बाळंतपणात वारा शिरला." पाहिलेले खरे आहे, कारण मात्र खरे नाही. वारा सांध्यात शिरत नाही. गार पाण्यात हात घातल्याने आमवात होत नाही. पण त्या समजुतीने दोष बिचाऱ्या बाळंतिणीवर येतो. "कानाला बांधत जा म्हटलं तर ऐकलं नाहीस," असे सासर म्हणते. "तिथं तिला लवकर कामाला लावलं," असे माहेर म्हणते. दोन घरांत भांडण होते आणि पोरीची बोटे सुजलेली ती सुजलेलीच राहतात. बाळंतिणीला विसावा द्यावाच, त्याबद्दल वाद नाही. पण तीन महिन्यांच्या बाळंतिणीची मूठ सकाळी वळत नसेल तर भांडत न बसता तिला दवाखान्यात न्यावे.

अंगावर पाजण्याबद्दलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत १९७६ साली एक लाखाहून अधिक नर्सबायांची माहिती घ्यायला सुरुवात झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांना पत्राने विचारत राहिले. त्यात २००४ साली असे दिसून आले, की ज्या बायांनी सगळ्या मुलांचे मिळून एक वर्षाहून अधिक अंगावर पाजले त्यांना आमवाताचा धोका कमी होता. दोन वर्षांहून अधिक पाजणाऱ्यांना आणखी कमी. मुलाच्या भल्यासाठी पाजायचे ते आईच्याही भल्याचे ठरते.

गर्भारपणात सांधे सुटतात, ही गोष्ट दूर अमेरिकेत एका डॉक्टराच्याही ध्यानात आली. त्याचे नाव फिलिप हेंच. रॉचेस्टर नावाच्या गावी मेयो क्लिनिक हा मोठा दवाखाना आहे, तिथे तो काम करी. १९२९ साली त्याने पाहिले, की आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली आणि त्याचे सांधे सुटले. पुढे गर्भार बायांतही त्याला तेच दिसले. १९३८ साली त्याने ते लिहून प्रसिद्ध केले. त्याने असा विचार केला, की शरीर स्वतःच या रोगाचे औषध करू शकते. मग ते औषध म्हणजे कोणता रस? त्याला आधी वाटले तसा तो कावीळीतला रस नव्हता, आणि बाईच्या अंडाशयातला रसही नव्हता. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्यांच्यातला तो रस निघाला. त्याला कॉर्टिसोन म्हणतात. एडवर्ड केंडल या त्याच्या सोबत्याने तो वेगळा काढला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये एकोणतीस वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोनची सुई दिली. अंथरुणावर कूसही धड बदलता येत नव्हती अशी ती बाई थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० साली या कामाबद्दल हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इथेच गोष्ट संपती तर किती बरे होते. पण थोड्याच वर्षांत कळले, की हे औषध फार दिवस भरपूर घेतले तर अंगावर उलटते. तोंड पुरीसारखे फुगते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतूंशी लढण्याचे बळ जाते. याच जातीच्या औषधांना स्टिरॉइड म्हणतात. डॉक्टर ती आजही देतात, पण बेताने आणि थोडे दिवस. बाजारात मात्र "एका दिवसात वात पळवणारी" पुडी मिळते. आठवडी बाजारात मिळते, जत्रेत मिळते. अशा पुडीत पुष्कळदा स्टिरॉइडच कुटून घातलेले असते. म्हणून तर एका दिवसात गुण येतो! दुखणे थांबले असे वाटते, आणि आत हाडे पोकळ होत राहतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर तीही एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो. पुडीसकट डॉक्टरांकडे जावे आणि खरे काय ते सांगावे.

खरे औषध वेगळे आहे. रक्ताची तपासणी करून डॉक्टर बहुधा मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती बिथरलेल्या राखणीला आवरते. तिचा गुण दिसायला महिना-दोन महिने लागतात, म्हणून धीर सोडू नये. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर विष होते, माणूस दगावतोही. म्हणून कॅलेंडरवर गोळीचा वार स्वतःच्या हाताने लिहून ठेवावा. दिवस राहायचे असतील किंवा राहिले असतील तर ही गोळी चालत नाही, ती पोटातल्या मुलाला बाधते. मूल हवे असेल तर आधी काही महिने डॉक्टरांना सांगावे, ते दुसरे औषध देतात. गोळ्या चालू असताना मधून मधून रक्त तपासावे लागते. औषध पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे, नाहीतर सोलापूर किंवा लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जावे.

आता ओहोटीकडे येऊ. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन ओसरते आणि आमवाताचे प्रमाण वाढते. पाळी लवकर गेली तर?

ब्रिटनमध्ये २,२३,५२६ बायांची माहिती सुमारे बारा वर्षे ठेवली. २०२४ साली तिचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्या काळात ३,३१३ जणींना आमवात झाला, म्हणजे हजारी साधारण पंधरा. ज्यांची पाळी पंचेचाळीस वर्षांच्या आत गेली त्यांना धोका जवळजवळ दीडपट दिसला. ज्यांचे गर्भाशय काढून टाकलेले होते त्यांनाही सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक दिसला. अंडाशय काढलेल्यांनाही अधिक. गर्भ न राहण्याच्या गोळीने मात्र धोका वाढलेला दिसला नाही. पाळी गेल्यावर ज्यांनी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या त्यांना आमवात कमी झाला असेही नाही, उलट त्यांच्यात तो जास्त दिसला. तेव्हा, हार्मोन ओसरले तर बाहेरून हार्मोन घालावे म्हणजे झाले, इतके हे सोपे नाही.

एक खबरदारी घेतली पाहिजे. कोंबडा आरवतो आणि उजाडते, पण कोंबड्यामुळे उजाडत नाही. दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणजे एकीने दुसरी केली असे लगेच म्हणता येत नाही. शिवाय हजारी पंधराच्या जागी वीस-बावीस झाल्या तरी बाकीच्या साडेनऊशेहून अधिक जणींना हा रोग झालाच नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण पिशवी म्हणजे मुले झाल्यावर निरुपयोगी झालेली वस्तू, हा समज मात्र टाकून द्यायला हवा.

हे आम्ही जोर देऊन का सांगतो? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचा हिशेब ऐका. दिवाळीच्या सुमारास तिथून कोयते ऊसतोडीला जातात. आपल्या वाशी, भूम, कळंब, परंडा भागातूनही जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो, पैसे कापतात. फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी. पाळीचे चार दिवस बाईने काय करावे? पोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते. दवाखान्यात गेले तर कुणीतरी सांगते, "पिशवी खराब झाली. ठेवली तर कॅन्सर होईल. काढून टाका, पाळीची कटकटही जाईल." मग कर्ज काढून पिशवी काढतात. २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. भागाकार करून पाहा. सहा जणींमागे एक. त्यात चाळिशी न गाठलेल्या पुष्कळ होत्या.

अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतूंचे दुखणे असते. ते गोळ्या-औषधांनी जाते, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. काही वेळा पिशवी काढावीच लागते, हेही खरे. पिशवीत कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी झाल्या, रक्त औषधाने थांबेना, किंवा अंग बाहेर येते, तेव्हा काढल्याने जीव वाचतो आणि त्रास जातो. तिथे मागे हटू नये. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले तर तिशी-पस्तिशीच्या बाईला एका दिवसात पन्नाशी येते. हार्मोन एकदम आटते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाच्या रोगाचा धोका वाढतो, आणि सांध्यांचे आपण वर पाहिलेच. नुसती पिशवी काढून अंडाशय ठेवले तर हार्मोन चालू राहते. तरी ते नेहमीपेक्षा थोडे आधी थकतात असे दिसले आहे. जिला फडात पुन्हा कोयता चालवायचा आहे तिचे हात आणि हाडे गेली तर तिने काय करावे, याचा विचार पिशवी काढताना कुणी करत नाही. नवरा करत नाही, मुकादम तर नाहीच नाही. म्हणून तो आपला आपणच केला पाहिजे.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात एका कागदावर सही घेतात. पूर्वी अंगठा घेत. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तो कागद हातात घ्या आणि त्यात ते दोन शब्द शोधा, गर्भाशय आणि अंडाशय. कागद इंग्रजीत असला तर म्हणा, "बाई, मराठीत वाचून दाखवा." असे म्हणण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे. मग तीन गोष्टी विचारा. पिशवी कशासाठी काढता? औषधाने भागणार नाही का? अंडाशय ठेवणार की काढणार? उत्तर त्याच कागदावर लिहून मागा. घाईचे दुखणे नसेल तर सही न करता कागद परत द्या आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारून या. चार दिवसांनी काही बिघडत नाही. सोबत नवरा असेल तर त्यालाही हे आधी वाचून दाखवा, म्हणजे तो तिथे "कर गं सही" म्हणून मागे लागणार नाही.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. आमवात होईलच असे नाही. फक्त सकाळी हात धरतात का, बोटांच्या मुळाशी सूज राहते का, याकडे लक्ष ठेवावे. डॉक्टरांकडे गेल्यावर पिशवी कोणत्या वर्षी काढली आणि अंडाशय ठेवले की काढले, हे आठवणीने सांगावे. ऑपरेशनचा जुना कागद ट्रंकेत असेल तर तो शोधून सोबत न्यावा.